वाघोलीचं जड पाणी आणि सासूबाईंची बादली

वाचकांचं पत्र, थोडं आवरून:

‘दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातल्या सदाशिव पेठेतली भाड्याची जागा सोडून शहराच्या टोकाला वाघोलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. सोसायटी १४० फ्लॅटची. बोअरचं पाणी, टँकरचं पाणी आणि महापालिकेचं येतं तेवढं पाणी, सगळं खालच्या एकाच टाकीत पडतं. दोन वर्षांत गिझरची कॉइल दोनदा गेली. बादल्या, नळ, शॉवरची काच, सगळ्यावर पांढरे थर. पेठेत तूरडाळ चार शिट्ट्यांत शिजायची, इथे आठ झाल्या तरी दाणा उभाच. माझे केस मूठमूठ गळतात. बाळ सात महिन्यांचं आहे, त्याची कातडी कोरडी पडते. सासूबाई म्हणतात, “आमच्या बादल्या वीस वर्षं चकचकीत होत्या, घासायला हात लागतात.” सासऱ्यांना पूर्वी मुतखडा झालाय, ते या पाण्याचा चहासुद्धा घेत नाहीत, प्यायला आम्ही वीस लिटरचे जार आणतो. गेल्या रविवारी एक विक्रेता आला. त्याने ग्लासात दोन दांड्या बुडवून पाणी तपकिरी करून दाखवलं आणि ८५,००० रुपयांचा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) व आरओ असा संच सुचवला. ह्यांना तो लगेच घ्यायचाय. शेजाऱ्यांनी पाइपला चुंबक बसवलंय, ते म्हणतात तेवढं पुरतं. सेक्रेटरी म्हणतात, पाणी येतंय हेच नशीब समजा. मी काय करू?’

ताई,

८५,००० रुपये आधी थांबवा. आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. संच वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पण ज्या ग्लासावरून तुमच्या यजमानांनी निर्णय घेतला तो ग्लास म्हणजे निव्वळ हातचलाखी आहे.

त्या दोन दांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तुम्हाला दिसलेला तपकिरी गाळ तुमच्या पाण्यातला नव्हताच, तो दांडीचा होता. शेजारचा आरओचा ग्लास स्वच्छ राहतो, कारण त्यात क्षार जवळपास नसल्याने वीजच वाहत नाही. पटत नसेल तर विक्रेता पुन्हा आला की त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता बुडवा दांड्या. तोही ग्लास तपकिरी होईल. सदाशिव पेठेतलं पाणी घेतलं असतं तरी थोडा रंग आलाच असता. यजमानांसमोर हा प्रयोग करा, वाद घालायची गरज उरणार नाही.

आता पाण्याबद्दल. तुमचं पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत, यात मला शंका नाही, पत्रातली लक्षणं पुरेशी बोलकी आहेत. पेठांना पाणी येतं खडकवासला साखळीतून, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून. सह्याद्रीवर पडलेला पाऊस झरझर वाहत धरणात येतो, खडकात मुरायला त्याला वेळच मिळत नाही, म्हणून ते पाणी मृदू. तुमच्या बोअरचं पाणी मात्र दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं साठलेलं असतं. त्या बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू पाण्यात उतरतं. बोअर जितकी खोल आणि पाणी जितकं जुनं, तितका बहुधा क्षार जास्त. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये, पातळी खाली गेल्यावर, बादलीवरचे डाग वाढल्यासारखे वाटतात. ते नुसतं वाटणं नसतं. वाघोली २०२१ साली महापालिकेत आली, पण नकाशावर हद्द सरकली म्हणून जमिनीखालचा खडक सरकत नाही, आणि हद्दीत आलं म्हणजे लगेच घराघरांत पुरेसं धरणाचं पाणी आलं असंही नाही, हे तुम्ही रोज बघताय.

टँकरचं तर आणखी वेगळं. महापालिकेच्या भरणा केंद्रावर भरलेला टँकर असेल तर पाणी धरणाचं, आणि एखाद्याच्या खासगी विहिरीवर भरला असेल तर ते तुमच्या बोअरचंच भावंड. म्हणजे तुमच्या टाकीतलं पाणी आज एक, उद्या दुसरं. विक्रेत्याने एका दिवशी मोजलेल्या आकड्यावर काहीही ठरवू नये याचं हेही एक कारण.

त्याने मोजलं काय असेल? टीडीएस. खिशातल्या पेनासारख्या मीटरने. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. त्यातला जडपणा किती, हे तो मीटर सांगत नाही. गंमत अशी की सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, कारण सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. उद्या कुणी टीडीएस मीटर दाखवून ‘बघा, सॉफ्टनर चालत नाहीये’ म्हणालं तर तेही तितकंच चूक.

जडपणाचा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या, हिशेबात देतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की २०० पर्यंत योग्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला ४००-५०० ही काही नवलाची गोष्ट नाही. समजा तुमचं ५०० आहे. म्हणजे एक हजार लिटरमागे अर्धा किलो चुनखडी, आणि दहा हजार लिटरच्या एका टँकरमागे पाच किलो. हा हिशेब सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. एवढा चुना पाण्याबरोबर येत असेल तर तो बादलीवर बसणारच. त्यात सुनेच्या हाताचा काय दोष?

खरं तर इथे सासूबाईंचा सल्ला उलटा पडतो. प्लास्टिकची बादली तारेच्या घासणीने जितकी जोरात घासाल तितके तिच्यावर ओरखडे पडतात, आणि पुढचा थर त्या ओरखड्यांत घट्ट धरून बसतो. हा थर घासून जात नाही, आंबटाने विरघळतो. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक अॅसिड. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घाला, फडक्याने बादलीच्या आतून लावा, वीस मिनिटांनी धुऊन टाका. नळाच्या तोंडाला याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवता येतं, पण रात्रभर नको, चकाकी जाते. शॉवरच्या काचेला अंघोळ झाल्यावर वायपर फिरवणं हा एकच उपाय आहे. थेंब सुकू दिला नाही तर डाग पडायला काही उरतच नाही.

एक मात्र जपा. ओट्यावर कडप्पा असेल, किंवा बाल्कनीत शहाबादी वा कोटा फरशी असेल, तर हे आंबट पाणी तिथे सांडू देऊ नका. तिन्ही चुनखडक आहेत. जे आम्ल चुन्याचा थर खातं, ते फरशीही खातं. ग्रॅनाइटला तेवढा धोका नाही. आणि बाथरूम धुणाऱ्या बाया ‘अॅसिड’ मागतात ना, ते बाटलीतलं तीव्र अॅसिड टाइलच्या सांध्यांमधलं सिमेंट पोखरतं. ते ब्लीचिंगसोबत तर कधीच वापरायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो.

सासूबाईंचा टोमणा या चमच्या-दोन चमच्यांनी कदाचित जाणार नाही, हे मलाही कळतं. वीस वर्षं एका पाण्यात संसार केलेल्या बाईला पाणी बदललंय हे डोळ्यांना दिसत नाही. तिला फक्त बादली दिसते. तिला पटवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पेठेतल्या कुणाकडून दोन बाटल्या पाणी आणणं. एका पातेल्यात ते आणि दुसऱ्यात तुमचं, सारख्याच मापाने घेऊन उकळून आटवा. तळाशी काय उरतं ते त्यांनी स्वतः बघू दे. पुढचं संभाषण आपोआप वेगळं होईल, निदान बादलीपुरतं तरी.

गिझरकडे जरा नीट बघूया, कारण पैसे खरे तिथे जातायत, आणि थोडा धोकाही तिथेच आहे. जडपणाचा एक भाग बायकार्बोनेटचा असतो, आणि बेसॉल्टच्या पाण्यात तो सहसा मोठा असतो. पाणी तापलं की तो भाग फुटतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना खाली बसतो. कुठे बसतो? सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस जळते. मधल्या काळात पाणी तापायला जास्त वेळ लागतो आणि वीजबिल फुगतं, ते कुणी मोजत नाही. गिझर ७० अंशांवर ठेवून बादलीत गार पाणी मिसळायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर आणा. जितकं तापमान कमी, तितका चुना कमी पडतो. दिवसभर चालू ठेवू नका. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीआधी, मेकॅनिककडून टाकी उघडून साफ करून घ्या आणि अॅनोड रॉड, म्हणजे टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी धातूची कांडी, बघायला सांगा, जड पाण्यात ती लवकर संपते.

आणि त्याच दिवशी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायला लावा. हे मी सांगतेय ते काळजीने. टाकीतला दाब वाढला तर हा व्हॉल्व्ह तो सोडतो. त्यात चुना बसून तो अडकला आणि थर्मोस्टॅटही बिघडला, तर गिझर फुटू शकतो. कॉइल गेली की पाणी गार येतं, लगेच कळतं. व्हॉल्व्ह अडकलेला कळत नाही. गच्चीवर सोलर असेल तर त्याच्या काचेच्या नळ्यांतही हाच चुना साठतो. ‘सोलरचं पाणी पूर्वीसारखं तापत नाही’ ही तक्रार अनेकदा उन्हाची नसून नळ्यांची असते.

डाळीचं कोडंही रसायनाचंच. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं, मग दाणा उभा राहतो. आपल्या गावांतल्या बायकांना हे कुठल्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होतं. अमक्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि तमक्या विहिरीच्या पाण्यात शिजत नाही, हे त्या मैलभर लांबून पाणी आणताना सांगायच्या. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ गळते, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, आणि बाळाच्या वरणात तर सोडा नकोच. प्यायचं जे पाणी आणता त्यातच डाळ भिजवा आणि शिजवा. शिट्ट्या वाचतील, गॅसही वाचेल. कणीक, भाजी वगैरे नळाच्या पाण्यात चालते.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. साबणाची वडी जड पाण्यात फेस देत नाही, तिचा कॅल्शियमबरोबर चिकट साका होतो आणि तोच कपड्यांत अडकून कपडे राठ होतात. मशीनमध्ये जड पाण्यासाठी पाकिटावर लिहिलेलं जास्तीचं माप घ्या आणि मळक्या कपड्यांना थोडा धुण्याचा सोडा घाला. तो चुन्याला आधीच बाजूला काढतो.

आता केस. पत्रात तुम्ही एका ओळीत केसांचं लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत बाळ सात महिन्यांचं असल्याचं. मला वाटतं या दोन ओळी एकत्र वाचायला हव्यात. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी मूठमूठ केस गळणं हे शरीराचं ठरलेलं चक्र आहे. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात, ते नंतर एकदम गळतात. बहुतेकींचं वर्षभरात आपोआप सावरतं. त्यात रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, रात्रीची झोप नसेल, तर जास्त. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात, त्यांच्यावर साबणाचा लेप बसतो, हे सगळं खरं. पण मुळापासून केस गळण्याचं खापर पाण्यावर फोडून त्यासाठी यंत्र घेणार असाल तर थांबा. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. तुटलेला केस आणि मुळासकट आलेला केस यात फरक असतो. विंचरल्यावर फणीतला केस उजेडात धरून बघा, एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून आलाय.

राठपणासाठी मात्र उपाय आहे. डोक्याला वडीचा साबण नको. शिकेकाई किंवा रिठा वापरत असाल तर चांगलंच. त्यांच्यातला फेस साबणासारखा चुन्याशी भांडत नाही. शेवटचा एक तांब्या जारच्या पाण्याचा, त्यात थोडा लिंबाचा रस. बास.

बाळाच्या कातडीबद्दल. ब्रिटनमध्ये २०११ साली एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाज सुटण्याचा विकार) असलेल्या ३३६ मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्या घरांत सॉफ्टनर बसवला, निम्म्यांत नाही. एक्झिमात फरक पडला नाही. तेव्हा बाळासाठी म्हणून सॉफ्टनर, हा विक्रेत्याचा मुद्दा तुम्ही बाजूला ठेवू शकता. साबण कमी, तोही रोज नाही, पाणी कोमट, अंघोळ छोटी, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं मलम. लाल चट्टे किंवा खाज असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाळासाठी मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. नायट्रेट. जिथे वस्ती झपाट्याने वाढते, ड्रेनेज पूर्ण झालेलं नसतं, सेप्टिक टँक आणि बोअर शेजारी शेजारी असतात, तिथल्या भूजलात नायट्रेट वाढू शकतं. मानकात त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि जडपणासारखी इथे सवलत नाही. जास्त नायट्रेटने तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ते दिसत नाही, चवीला कळत नाही, डाग पाडत नाही, आणि उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की वाढतं. ज्या चुन्याला घर घाबरतंय तो आरोग्याला फारसा काही करत नाही, आणि ज्याची तपासणी व्हायला हवी ते कुणाच्या ध्यानीमनी नाही. जारवरही आंधळा विश्वास नको. त्यावर अन्न सुरक्षा परवान्याचा (एफएसएसएआय) क्रमांक आणि सील नसेल तर तो नुसता थंड पाण्याचा कॅन आहे.

सासऱ्यांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा घातलेली नाही. जड पाण्याने मुतखडा होतो असं ठामपणे सांगणारा पुरावा नाही. कमी पाणी प्यायल्याने होतो, याला मात्र भरपूर पुरावा आहे. ५०० जडपणाच्या दोन लिटर पाण्यातून साधारण एक कप दुधाइतकंच कॅल्शियम पोटात जातं. ते दूध पितात ना? आहारातलं कॅल्शियम उलट आतड्यात ऑक्झलेटला, म्हणजे खडे बनवणाऱ्या घटकाला, बांधून बाहेर नेतं. या पाण्याच्या भीतीने ते एकूणच पाणी कमी पीत असतील, तर तेच त्यांच्यासाठी जास्त वाईट. त्यांचा खडा कसला होता हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत असेल, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच.

शेजाऱ्यांच्या चुंबकाबद्दल एवढंच म्हणते की त्याने पाण्यातला एक मिलिग्रॅमही चुना कमी होत नाही, आणि थर बसत नाही हा दावा प्रयोगांत भरवशाने टिकलेला नाही. लावलंय तर राहू दे, त्रास काही नाही. नळाला लावायचे छोटे ‘सॉफ्टनर’ मिळतात, त्यांचा मात्र हिशेब करून बघा. सॉफ्टनरमधले चुना पकडणारे बारीक मणी म्हणजे रेझिन. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम चुना पकडतं. नळावरच्या डबीत फार तर पाव लिटरच्या आत रेझिन मावतं, २०० मिली धरू. म्हणजे दहा ग्रॅम. तुमच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम. वीस लिटरांत डबी संपली. एक बादली! गिझरच्या आणि मशीनच्या तोंडाशी लावायचे पॉलिफॉस्फेटचे फिल्टर मात्र कामाचे. ते चुना काढत नाहीत, पण त्याचे कठीण खडे बनू देत नाहीत. स्वस्त असतात, काही महिन्यांनी आतली गोळ्यांची पुडी बदलावी लागते, आणि तापमान ६० च्या खाली असेल तरच चालतात. प्यायच्या पाण्याला लावू नका. सध्या घरात यंत्र म्हणून मी एवढंच घेतलं असतं.

घरगुती मोठ्या सॉफ्टनरची एक अडचण विक्रेते सांगत नाहीत. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक बाथरूमची आणि स्वयंपाकघराची वेगळी लाइन डक्टमधून खाली येते. फ्लॅटमध्ये पाणी शिरायची एकच जागा नसते. मग तो संच बसणार कुठे? बहुधा एका बाथरूमला. ८५,००० रुपयांत एक बाथरूम. विचारा त्याला.

म्हणून सॉफ्टनर असावा तर तो सोसायटीचा, खालच्या पंपाजवळ. आणि तिथेही डोळे उघडे ठेवून. १४० फ्लॅटचं अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी दिवसाला ४०,००० लिटर धरलं आणि जडपणा ५००, तर रोज २० किलो चुना काढायचाय. रेझिन पुन्हा ताजं करायला एक किलो चुन्यामागे दोन ते तीन किलो मीठ लागतं. म्हणजे रोज पन्नास किलोची एक गोणी. यंत्र एकदा विकत घेऊन भागत नाही, मीठ रोज विकत घ्यावं लागतं, आणि ते खारं पाणी सांडपाण्यात जातं. सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, असेल आणि ते पाणी बागेला जात असेल तर झाडं सांगतील तुम्हाला. कोटेशनमध्ये मिठाचा खर्च बहुधा नसतो. सभेत पहिला प्रश्न तोच विचारा.

शहाणपणाची सोसायटी पाणी शून्यावर आणत नाही. साधारण दोन तृतीयांश पाणी सॉफ्टनरमधून, उरलेलं तसंच, दोन्ही मिसळून १५०-२०० वर ठेवलं तरी गिझर टिकतो, साबण फेसतो आणि मीठ जवळपास एक तृतीयांशाने कमी लागतं. फ्लशला आणि बागेला मृदू पाणी द्यायचंच नाही. बीपीमुळे मीठ तोडलेल्यांनी सॉफ्टनरचं पाणी प्यायला वापरू नये. ५०० जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. बाळाच्या पेजेला तर नाहीच. आणि तुळशीलाही नको.

यापेक्षाही स्वस्त काम आधी करता येईल. महापालिकेचं थोडं पाणी येतं म्हणता, ते बोअरच्या पाण्यात मिसळून वाया घालवू नका. खालच्या टाकीला कप्पे असतील तर एक कप्पा फक्त त्याचा ठेवा आणि तेवढंच स्वयंपाकघराच्या लाइनला जोडा. प्लंबिंगचा एकदाच खर्च आहे. असं जमलं तर घरोघरी आरओ लागत नाही, अतिनील किरणांनी जंतू मारणारा साधा यूव्ही पुरतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली म्हटलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको, कारण साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर नाल्यात सोडतो. टँकर विकत घेणाऱ्या सोसायटीने तरी हे गणित करायला हवं. जोडणी जमलीच नाही आणि तपासणीत नायट्रेट जास्त निघालं, तर मात्र स्वयंपाकघरापुरता एक आरओ घ्या, मनात किंतु न ठेवता. तो पाचपट स्वस्तात येईल.

सेक्रेटरींशी भांडू नका. त्यांना आकडे द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, त्यांची प्रयोगशाळा आहे. राज्य आरोग्य प्रयोगशाळाही पुण्यात आहे. शिवाय मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा आहेत. चार-पाच घरांनी मिळून खर्च वाटून घेतला तर कुणाला जड जाणार नाही. तीन नमुने वेगवेगळे द्या: बोअरचा, टँकरचा आणि महापालिकेच्या नळाचा. टाकीतला मिसळलेला देऊ नका, त्यातून काहीच कळत नाही. एकूण जडपणा, टीडीएस, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (पाण्यात सांडपाणी मिसळल्याची खूण देणारे जंतू) एवढं तपासायला सांगा. कोलिफॉर्मसाठी बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्या आणि नमुना त्याच दिवशी, बर्फात ठेवून पोचवा. बोअरचा नमुना पंप दहा मिनिटं चालू ठेवल्यावर भरा. टँकरवाल्याकडे भरणा केंद्राची पावती मागा. देत नसेल तर तो कुठे भरतो याचं उत्तर तुम्हाला मिळालंच. पुन्हा एकदा मेअखेर बोअरचा नमुना तपासा, आणि सॉफ्टनरचं माप त्या आकड्यावर काढायला लावा, दिवाळीतल्या आकड्यावर नाही.